कप्सचा खोटा प्रिंटर: ठेव पावतीचा एकही कागद न दवडता छपाईची चाचणी

लिनक्सवरची छपाई ज्यांच्या गळ्यात पडली आहे, त्यांनी चाचणीच्या मशीनवर एक खोटा प्रिंटर करून ठेवावाच, असं माझं ठाम मत आहे. खोटा म्हणजे काय, तर यादीत त्याचं नाव दिसतं, त्याच्या दारात रांग लागते, काम पूर्ण झाल्याची नोंदही होते, फक्त कागद हलत नाही. त्यासाठी विकत काही आणायचं नाही. डेबियन, उबुंटू किंवा अशाच इतर प्रणालींवर छपाईचं सगळं कप्स पाहतं, आणि खोट्या प्रिंटरची सोय त्यातच आहे. सोबत छपाईची पीडीएफ फाइल करून देणारं कप्स-पीडीएफ नावाचं एक छोटं पॅकेज टाकलं की जोडी पूर्ण होते. या दोन्हींबद्दल माझा अनुभव लिहिते.

मी इचलकरंजीत असते. कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या काही पतसंस्था आणि दूध संस्थांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर सांभाळणं हे माझं पोटापाण्याचं काम. सर्व्हर डेबियनचा, प्रोग्रॅम टर्मिनलवर चालणारा, आणि छपाई अजूनही बरीचशी डॉट मॅट्रिक्सवर. कीर्द, खतावणी, तेरीज हे सगळं १५ बाय १२ इंचांच्या सलग कागदावर निघतं. दूध संस्थेत दर दहा दिवसांनी उत्पादकांची बिलं निघतात. त्यात लिटर, फॅट, एसएनएफ, दर, कपाती आणि निव्वळ देणं असे रकाने असतात. एक रकाना सरकला की दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीच्या दारात गर्दी होते.

या सगळ्यात जीव टांगणीला लागतो तो ठेव पावतीवर. पतसंस्थेची मुदत ठेव पावती छापील क्रमांकाची असते. पावतीपुस्तकाचा हिशेब लागतो, वाया गेलेली प्रत्येक पावती ‘रद्द’ शिक्का मारून जपून ठेवावी लागते आणि लेखापरीक्षक तिचा क्रमांक मागतो. व्याजाच्या दराची ओळ अर्धा इंच खाली घ्यायची म्हणून चार पावत्या फाडल्या असं चालत नाही. कोऱ्या कागदावर छापून पावतीवर धरून उजेडात बघणं हा जुना मार्ग आहे आणि शेवटच्या टप्प्यावर मीही तेच करते. पण त्याआधीची सगळी घासाघीस कागदाशिवाय व्हायला हवी, आणि ती या खोट्या प्रिंटरवर होते.

आधी साधा प्रकार. कप्सला रांगेचं नाव आणि प्रिंटरचा पत्ता लागतो. पत्ता म्हणून यूएसबी किंवा नेटवर्कच्या जागी फाइल:///डेव्ह/नल द्यायचं. डेव्ह-नल म्हणजे युनिक्समधली ती जागा, जिथे टाकलेलं काहीच परत येत नाही. पूर्ण आज्ञा बोलून दाखवायची तर: एलपीअ‍ॅडमिन, मग -पी आणि रांगेचं नाव, मग मोठी -ई, मग -व्ही आणि हा पत्ता. (अर्थात टाइप करायचं ते रोमनमध्ये.) एका ओळीत प्रिंटर तयार होतो.

यात मोठ्या -ई ची जागा फार महत्त्वाची आहे. ती -पी आणि नावाच्या नंतर आली तर अर्थ होतो ‘रांग चालू कर आणि कामं स्वीकार’. तीच आधी आली तर अर्थ होतो ‘सर्व्हरशी जोडणी कूटबद्ध कर’. मग रांग तयार होते, पण बंद अवस्थेत, आणि नवा माणूस तासभर शोधत बसतो. एकाच अक्षराला जागेनुसार दोन अर्थ देणं हे कप्सच्या रचनेतलं मला न पटलेलं काम आहे.

दुसरी गोष्ट मात्र फार विचारपूर्वक केलेली आहे. फाइलच्या पत्त्यावर छापण्याची परवानगी कप्समध्ये मुळात बंद असते. कप्स-फाइल्स डॉट कॉन्फ या सेटिंग्जच्या फाइलमध्ये फाइलडिव्हाइस नावाची ओळ ‘होय’ केल्याशिवाय कुठल्याही फाइलकडे छपाई वळवता येत नाही, आणि सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. याला अपवाद एकच ठेवला आहे, तो डेव्ह-नलचा. तो पत्ता नेहमीच चालतो. म्हणजे खोटा प्रिंटर करायला सर्व्हरचं कुठलंही कुलूप सैल करावं लागत नाही.

नव्या आवृत्त्यांवर ही आज्ञा दिली की एक इशारा येतो: कच्च्या रांगा आता मोडीत काढल्या आहेत आणि पुढच्या एखाद्या आवृत्तीत चालणार नाहीत. कच्ची रांग म्हणजे आलेला मजकूर कुठलीही चाळणी न लावता जसाच्या तसा पुढे ढकलणारी. आज ती चालते. पुढचा रस्ता काय, ते खाली सांगते.

या साध्या नल रांगेचा उपयोग दोन ठिकाणी भरघोस होतो. काही जुने प्रोग्रॅम प्रिंटरचं ठरावीक नाव सापडल्याशिवाय पुढे सरकतच नाहीत. संस्थेत जे नाव आहे, तेच नाव माझ्या मशीनवरच्या खोट्या रांगेला दिलं की प्रोग्रॅममध्ये एका अक्षराचाही बदल करावा लागत नाही. (नावात मोकळी जागा, तिरकी रेघ आणि हॅशचं चिन्ह चालत नाही, एवढं पाळायचं.) दुसरं ठिकाण म्हणजे ३१ मार्च. वर्षअखेरीला सगळ्या खात्यांचे उतारे, व्याजाच्या याद्या आणि तेरीज एकापाठोपाठ एक छापायला सोडतात. शेकडो पानांची कामं रांगेत टाकल्यावर प्रोग्रॅम कुठे अडखळतो आणि कुठला अहवाल अर्धवट सुटतो, हे आधीच पाहता येतं. डॉट मॅट्रिक्सवर ते पाहायचं म्हटलं तर रात्रभर करकर ऐकावी लागेल आणि रिबन जाईल ती वेगळीच.

पण कप्सचं खरं रत्न वेगळं आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. रांग थांबवून ठेवता येते. कप्स-डिसेबल आणि रांगेचं नाव एवढं म्हटलं की रांग कामं घेत राहते, पण पुढे सोडत नाही. सोबत -आर देऊन कारणही लिहिता येतं. मी ‘चाचणी सुरू’ असं लिहिते, म्हणजे त्या मशीनवर दुसरं कुणी बसलं तर एलपीस्टॅट या रांगांची स्थिती दाखवणाऱ्या आज्ञेत त्याला कारण दिसतं. अडवलेलं प्रत्येक काम /व्हार/स्पूल/कप्स या फोल्डरमध्ये पडून राहतं. ‘सी’ने सुरू होणारी फाइल कामाच्या माहितीची, ‘डी’ने सुरू होणारी प्रत्यक्ष मजकुराची. फोल्डर रूटच्या, म्हणजे मशीनच्या मुख्य प्रशासकाच्या ताब्यात असतं, त्यामुळे त्याचे अधिकार देणारी सुडो ही आज्ञा लागते. त्या ‘डी’ फाइलमध्ये प्रिंटरला जे गेलं असतं ते बाइटन् बाइट तसंच असतं. पाहून झालं की कप्स-एनेबल म्हणायचं. तुंबलेली सगळी कामं डेव्ह-नलमध्ये वाहून जातात आणि रांग मोकळी होते.

या ‘डी’ फाइलमध्ये काय दिसतं, ते एका खऱ्या प्रकारातून दाखवते. फाइलमधला प्रत्येक बाइट आकड्यांत दाखवणारा हेक्सडम्प लावला की खतावणीच्या सुरुवातीला मला हे बाइट दिसायला हवेत: १बी ४०, मग १बी ४३ ४८, मग ०एफ. पहिली जोडी प्रिंटरला मूळ स्थितीत आणते. दुसरी पानाची लांबी सांगते. शेवटचा बाइट अक्षरं दाट करतो, म्हणजे जास्त रकाने एका ओळीत बसतात. मधल्या ४८कडे नीट बघा. तो सोळाच्या पद्धतीतला आकडा आहे, आपल्या पद्धतीने ७२. इंचाला सहा ओळी, बारा इंचांचा कागद, म्हणून ७२ ओळी. आता त्या जागी ४२ दिसलं तर? ४२ म्हणजे ६६ ओळी, म्हणजे अकरा इंचांचा कागद. बाहेरून आणलेल्या अहवालांच्या साच्यांत ६६ हाच आकडा आधीपासून भरलेला असतो. आपला कागद बारा इंचांचा. मग प्रत्येक पान आधीच्या पानापेक्षा एक इंच वर सुरू होतं, आणि बारा पानांनंतर अख्ख्या पानाचा फरक पडतो. पहिलं पान बरोबर निघतं, दुसरं ‘थोडं वर’ वाटतं, आणि ऑपरेटर कागदाची चाकं फिरवून जुळवत बसतो. दोष प्रिंटरचा नाही आणि कागदाचाही नाही, एका बाइटचा आहे. तो कागदावर शोधणं अवघड आणि फाइलमध्ये शोधणं मिनिटाचं काम.

तसाच दुसरा बाइट ०सी. तो पान पुढे ढकलतो. अहवालाच्या शेवटी तो एकदा हवा. साच्याने एकदा पाठवला आणि प्रोग्रॅमने शेवटी पुन्हा एकदा पाठवला, तर दोन ०सी पाठोपाठ दिसतात आणि एक कोरं पान निघतं. साध्या कागदावर एक पान फुकट गेलं एवढंच. ठेव पावतीवर मात्र दर ठेवीमागे एक क्रमांकित पावती कोरी जाते. म्हणून पावतीच्या साच्यात काही बदल केला की मी सगळ्यात आधी ०सी मोजते.

मराठीचं तर याहून बारीक आहे. आमच्याकडे देवनागरी नावं ठिपक्यांच्या चित्रासारखी पाठवली जातात. फाइलमध्ये ती १बी २ए या जोडीने सुरू होताना दिसतात. त्याऐवजी ई० ए४ आणि ई० ए५ अशा जोड्यांची माळ दिसली तर समजायचं की युनिकोडची अक्षरं चित्र न होता थेट प्रिंटरकडे निघाली आहेत. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइटांचं असतं आणि त्याची सुरुवात याच जोड्यांनी होते. आमच्या डॉट मॅट्रिक्सला ते कळत नाही, आणि सभासदाच्या नावाच्या जागी रेघोट्या आणि परकी चिन्हं उमटतात. रकाने सरकतात त्याचंही कारण बऱ्याचदा इथेच सापडतं. ‘श्री’ डोळ्यांना एक अक्षर दिसतं, पण युनिकोडमध्ये तिथे चार चिन्हं आहेत. प्रोग्रॅमने रुंदी चिन्हं मोजून ठरवली की ‘श्रीकृष्ण’ नावापुढची रक्कम आत येते आणि ‘रमण’च्या पुढची जागेवर राहते. खोट्या रांगेतून जोडाक्षरांनी भरलेली नावं मुद्दाम पाठवून मी हे तपासते. संस्थेत सॉफ्टवेअर द्यायच्या आधी ही चाचणी झालीच पाहिजे. आपलं नाव पासबुकावर नीट छापून यावं ही सभासदाची अपेक्षा अगदी रास्त आहे.

कप्समध्ये आणखी एक आज्ञा आहे, कप्स-रिजेक्ट. डिसेबल केलेली रांग काम घेते आणि धरून ठेवते. रिजेक्ट केलेली रांग काम घेतच नाही, दारातूनच परत पाठवते. हा फरक वापरून प्रोग्रॅमची परीक्षा घेता येते. छपाई नाकारली गेली, तरी ‘पावती छापली’ अशी नोंद प्रोग्रॅम करतो का? करत असेल तर तो मोठा दोष आहे, कारण पावती क्रमांक पुढे सरकतो आणि ग्राहकाच्या हातात काहीच पडत नाही. खरा प्रिंटर घेऊन ही स्थिती मुद्दाम आणणं जिकिरीचं असतं. इथे एका आज्ञेत येते आणि कप्स-अ‍ॅक्सेप्ट म्हटलं की जाते.

आता कप्स-पीडीएफ. फोल्कर बेर यांनी लिहिलेलं हे पॅकेज डेबियनमध्ये प्रिंटर-ड्रायव्हर-कप्स-पीडीएफ या नावाने मिळतं. बसवलं की ‘पीडीएफ’ नावाचा प्रिंटर आपोआप तयार होतो, आणि त्याच्यावर छापलेलं घरच्या फोल्डरमधल्या पीडीएफ नावाच्या उपफोल्डरमध्ये येऊन पडतं. ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, संचालक मंडळाच्या सभेचे तक्ते अशी ए-फोर कागदावरची, लेझर प्रिंटरची कामं यावर उत्तम होतात. व्यवस्थापकांना नमुना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा, त्यांनी ‘मॅडम, ही बेरीज खाली घ्या’ म्हणायचं, आणि कागद न लागता दुरुस्ती व्हायची. डॉट मॅट्रिक्सच्या कच्च्या कोडांचं मात्र त्याला काही कळत नाही. त्या कामाला वरची थांबवलेली रांगच हवी.

कप्स-पीडीएफ वापरण्याआधी त्याची सेटिंग्जची फाइल उघडून वाचा. सगळ्यात महत्त्वाची ओळ लेबल नावाची आहे. ती मुळात शून्यावर असते, म्हणजे ज्या कामाला शीर्षक नाही फक्त त्यालाच क्रमांक लागतो. पीडीएफचं नाव कामाच्या शीर्षकावरून ठरतं. प्रोग्रॅम प्रत्येक उतारा ‘खातेउतारा’ याच शीर्षकाने पाठवत असेल, तर दुसरा उतारा पहिल्यावर लिहिला जातो आणि तिसरा दुसऱ्यावर. शेवटी फोल्डरमध्ये एकच फाइल उरते. लेबल १ केलं तर कामाचा क्रमांक नावाच्या आधी लागतो, २ केलं तर नंतर. मी २ ठेवते, म्हणजे फाइली नावानुसार एकत्र राहतात. माझ्या मते हे मुळातच असं असायला हवं होतं.

फाइली दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकायच्या असतील तर आउट नावाची ओळ बदलायची. पण उबुंटूसारख्या ठिकाणी अ‍ॅपआर्मर नावाचा पहारेकरी असतो आणि त्याच्या नियमांत कप्स-पीडीएफला फक्त घरच्या पीडीएफ फोल्डरची परवानगी असते. नियमात नवं फोल्डर घातलं नाही तर फाइल येत नाही, आणि पडद्यावर काही चूकही दिसत नाही. काम नेटवर्कवरून आलं आणि पाठवणाऱ्याच्या नावाचा वापरकर्ता या मशीनवर नसेल, तर पीडीएफ /व्हार/स्पूल/कप्स-पीडीएफ/अ‍ॅनॉनिमस इथे जाऊन बसते. ‘छापलं पण कुठे गेलं’ या प्रश्नाचं उत्तर तिथे शोधा.

मराठी मजकूर त्यात दिसतो सुंदर. पण छपाईच्या वाटेवर मजकुराचं पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेत रूपांतर होऊन घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रॅमकडून पुन्हा पीडीएफ बनतं, आणि त्या प्रवासात कुठला आकार कुठल्या अक्षराचा, ही माहिती हरवू शकते. मग पीडीएफमध्ये ‘पाटील’ शोधलं तर सापडत नाही आणि मजकूर उचलून दुसरीकडे टाकला तर भलतंच येतं. दृश्य तपासणीला हे चालतं. जपून ठेवायच्या, शोधायच्या दस्तऐवजाला चालत नाही. त्यासाठी लिब्रे ऑफिसमधून थेट पीडीएफ करावी.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते. खोट्या प्रिंटरवर छापलं म्हणजे मजकूर नाहीसा झाला, असं समजू नका. डेव्ह-नलला गेलेल्या कामाची ‘डी’ फाइलसुद्धा कप्स लगेच पुसत नाही. प्रिझर्व्ह-जॉब-फाइल्स या सेटिंगचं मूळ मूल्य ८६४०० सेकंद आहे, म्हणजे पूर्ण एक दिवस. तोवर सभासदांची नावं, ठेवी, थकबाकी हे सगळं त्या मशीनवर वाचता येण्याजोगं पडून असतं. खऱ्या माहितीवर चाचणी करू नये हे पहिलं. पण वर्षअखेरीची तालीम करताना खरी माहिती घ्यावीच लागली, तर कप्सडी डॉट कॉन्फमध्ये हे सेटिंग ‘नाही’ करा आणि चाचणी संपल्यावर स्पूलचं फोल्डर डोळ्यांनी बघा. कप्स-पीडीएफचं अ‍ॅनॉनिमस फोल्डरही रिकामं करा, कारण ते आपोआप रिकामं होत नाही. माणसं विश्वासाने पैसे ठेवतात तिथे ही काळजी घेतलीच पाहिजे.

तसंच चाचणीची रांग कधीही सर्व्हरची मूळ रांग, म्हणजे प्रिंटरचं नाव न सांगता सोडलेली छपाई जिथे जाते ती, होऊ देऊ नका. एलपीअ‍ॅडमिन -डी ने ती चुकून मूळ ठरली, तर काउंटरवरची खरी छपाई नलमध्ये जाते आणि पडद्यावर ‘पूर्ण’ दिसतं. संस्थेतून उठण्यापूर्वी एलपीस्टॅट -डी करून मूळ प्रिंटर कोणता, ते बघायची सवय लावा. चाचणीच्या मशीनवर कप्स-ब्राउज्ड ही सेवाही बंद ठेवा. नेटवर्कवरचे प्रिंटर आपोआप शोधण्याचं तिचं काम इथे लागत नाही, आणि २०२४च्या सप्टेंबरमध्ये तिच्यासह कप्सच्या काही भागांतल्या गंभीर त्रुटी जाहीर झाल्या होत्या.

खोटा प्रिंटर काय दाखवत नाही तेही सांगते. कागद संपला, रिबन फिकी झाली, पासबुक वाकडं सरकवलं, यातलं काहीच इथे कळत नाही. पासबुकाच्या घडीजवळच्या ओळी सोडून छापणं प्रत्यक्ष पासबुक घालूनच तपासावं लागतं. प्रिंटरने उत्तर द्यायला हवं असेल, तर कप्स २.३पासून सोबत येणारा आयपीपी-एव्ह-प्रिंटर हा नकली प्रिंटर वापरून बघा. तो नेटवर्कवर खऱ्या आधुनिक प्रिंटरसारखा दिसतो.

कप्सचा इतिहास थोडक्यात. मायकेल स्वीट यांनी ते लिहिलं आणि १९९९मध्ये ते लोकांसमोर आलं. २००२मध्ये अ‍ॅपलने ते मॅकमध्ये घेतलं आणि २००७मध्ये त्याचे हक्कच विकत घेतले. स्वीट यांनी २०१९च्या अखेरीस अ‍ॅपल सोडलं, आणि आज लिनक्सवाल्यांसाठीचं काम ओपनप्रिंटिंग या मुक्त छपाई प्रकल्पाच्या छत्राखाली चालतं. तिथला कल असा आहे की जुन्या पीपीडी फाइली (प्रिंटरचं वर्णन करणाऱ्या) आणि कच्च्या रांगा हळूहळू जाणार. तसं झालं तर माझ्या कामाचा रस्ता मी ठरवून ठेवला आहे: चाचणीच्या मशीनवर ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर नेटकॅट हा नेटवर्कवरून येणारा मजकूर घेणारा छोटा प्रोग्रॅम ऐकत ठेवायचा, येईल ते फाइलमध्ये उतरवायचं, आणि प्रोग्रॅमला ते पोर्ट नेटवर्क प्रिंटर म्हणून दाखवायचं. बाइट तेच मिळतात. रांग थांबवण्याची, नाकारण्याची, मोकळी करण्याची सोय मात्र जाते.

किंमत शून्य आहे. डॉट मॅट्रिक्सच्या कामाला थांबवलेली नल रांग पाचपैकी पाच, कप्स-पीडीएफ लेबलचं सेटिंग बदलल्यावर चार. पतसंस्था, दूध संस्था, सेवा सोसायटी यांच्यासाठी लिनक्सवर काम करणाऱ्यांनी नव्या साच्याची पहिली छपाई थांबवलेल्या रांगेत करावी, ‘डी’ फाइलमध्ये पानाची लांबी आणि ०सी तपासावेत, आणि मगच पावतीपुस्तक उघडावं.